आधी नंबर, मग मोटार

जळालेली मोटार दुकानात आली की दस्तगीरचाचा आधी तिचा वास घेत. हात लावायचा नाही, पाना उचलायचा नाही, कशी जळाली म्हणून आणणाऱ्याला विचारायचंही नाही. वाकून, डोळे मिटून, नाक मोटारीच्या तोंडाशी न्यायचं आणि दोन-तीन दमदार श्वास घ्यायचे. मग सरळ होऊन ते म्हणत, "कोरडी चालवलीस." किंवा, "आत पानी गेलंय." किंवा नुसतंच, "लाइट." यातलं 'लाइट' सगळ्यांत जास्त वेळा ऐकू यायचं, आणि ते म्हणताना त्यांच्या आवाजात कुणाविषयी राग नसे. डॉक्टरनं 'साथ आहे' म्हणावं, तसं म्हणत.

कवठे महांकाळला स्टँडच्या मागं त्यांचं मोटारी भरायचं दुकान. विहिरीवरची किंवा बोअरमधली मोटार जळाली की तिच्या पोटातली काळी पडलेली तार काढायची आणि नवी तांब्याची तार वेढ्यावेढ्यानं बसवायची, हा धंदा. मी त्या वेळी वीज कंपनीचा तिथला उपअभियंता. मूळचा मी फलटणचा, उसाच्या बांधावर आणि कॅनॉलच्या पाण्यावर वाढलेला. कवठ्याला बदली झाली तेव्हा घरच्यांनी माझं सांत्वन केलं होतं, इतकं त्या कोरडवाहू मुलखाचं नाव आमच्याकडं भीतीचं. आता निवृत्त होऊन सांगलीत विश्रामबागेत राहतो. सकाळी फिरायला जातो तिथं बाकावर पेन्शनरांचा अड्डा असतो, आणि नोकरीत मोठी माणसं कोणकोण बघितली हा तिथला आवडता विषय. बाकीचे मंत्री, सचिव सांगतात. मी मोटार भरणाऱ्या एका माणसाचं नाव घेतो आणि लोक हसून पुढच्याकडं वळतात. वळू देत बापडे.

चाचा दिसायला ठेंगणे. डोक्यावरची टोपी एके काळी पांढरी असावी, पण वार्निशच्या डागांनी ती पिवळी पडली होती. चष्म्याची एक काडी मोडलेली. तिच्या जागी त्यांनी तांब्याची तार वळवून बसवली होती आणि ती मूळ काडीपेक्षा टिकाऊ निघाल्यावर दुसरी चांगली काडीही काढून तिथं तारच बसवली. शाळा सातवीपर्यंत. दुकानात त्यांच्याबरोबर त्यांच्या बायकोचं, हमीदाचाचींचं राज्य. तार गुंडाळायचं काम चाचींचं, आणि त्या वेढे मोजत असताना दुकानात कुणी ब्र काढायचा नाही असा कायदा होता. एकदा मी बेसावधपणे "नमस्कार" म्हणालो. चाचींनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी परत पायरीवर जाऊन उभा राहिलो. त्यांनी सगळी तार उलगडली आणि एकपासून पुन्हा सुरुवात केली. त्यानंतर मी त्या दुकानात कायम चोरपावलांनी शिरलो.

चाचांची आणखी एक सवय होती. प्रत्येक जळालेल्या मोटारीतली बाकीची तार ते मोडीत देत, पण एक झुपका ठेवून घेत. त्याला पुठ्ठ्याचा तुकडा बांधून त्यावर गाव, दिवस आणि जळण्याचं कारण लिहायचं आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायचं. भिंतीवर असे शेकडो काळे झुपके लोंबत. कशासाठी म्हणून विचारलं तर म्हणत, "काय न्हाई. गेल्याली मोटार हाय, तिचं कायतरी ऱ्हावं." मी ते विक्षिप्तपणाच्या खात्यात टाकून मोकळा झालो होतो.

त्यांची माझी ओळख झाली ती आमच्या ऑफिसच्या बोअरची मोटार जळाली तेव्हा. मी स्वतः जीपमधून घेऊन गेलो. चाचांनी वास घेतला, माझ्याकडं पाहिलं, आणि काहीशा संकोचानं म्हणाले, "साहेब, राग नका मानू. लाइट."

मी म्हणालो, "चाचा, आमच्याच ऑफिसात?"

"लाइट काय ऑफिस बघून येती व्हय?" त्यांनी मोटार उघडली आणि मला जवळ बोलावलं. "हे बघा. दोन फेज काळ्या आणि एक कोरी असती तर मी म्हनलो असतो, एक फेज गेला. हितं सगळी तार सारखी काळी. म्हंजी व्होल्टेज कमी. मोटार ओढती, ओढती, तापती, मंग जळती. मानूस खोटं बोलंल, मोटार खोटं बोलत न्हाई."

संध्याकाळी मोटार भरून मिळाली. मी ती बसवली आणि विसरलो. आमच्याच ऑफिसनं आमच्याकडं कमी दाबाची, म्हणजे व्होल्टेजची, तक्रार नोंदवावी, हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. का येईल? मोटार जळाली, चाचांकडं नेली, पाणी आलं. विषय संपला. सगळा तालुका याच पद्धतीनं चालला होता.

आता त्या प्रकरणाकडं येतो, ज्यासाठी हे लिहायला बसलो.

चाचा तांब्याची तार सांगलीहून आणत. एकदा रिळावर गुंडाळून आलेल्या वर्तमानपत्रात त्यांना जाहीर सूचना दिसली. आमच्या कंपनीनं पुढच्या वर्षांतल्या कामांची यादी वीज नियामक आयोगापुढं मंजुरीला ठेवली होती. नवी उपकेंद्रं, नव्या लाइनी, सगळं त्यात. कुणाला हरकत असेल, सूचना करायची असेल, तर आयोगाच्या वेबसाइटवर नाव नोंदवून करावी, मुदत अमुक तारखेपर्यंत. असल्या सूचना आम्ही नेहमीच देत असू. त्या छापणं कायद्यानं बंधनकारक होतं, आणि कुणी वाचेल ही शंका कधी कुणाला शिवली नव्हती. पेपर जुना होता. मुदतीचा एकच आठवडा उरला होता.

दुसऱ्या दिवशी चाचा मोबाइल घेऊन माझ्या ऑफिसात हजर. नाव नोंदवून झालं होतं, मोबाइलवर आलेला ओटीपी टाकून झाला होता, आमचं प्रकरण शोधून झालं होतं. अडलं होतं एका रकान्यात. "साहेब, हितं इचारलंय तुमी कोन. ग्राहक, ग्राहक संघटना, परवानाधारक, इतर. मी कोन?"

"ग्राहक म्हणा की."

"ग्राहक तर समदेच हायेत." त्यांनी थोडा विचार केला, 'इतर' निवडलं आणि पुढच्या चौकटीत एका बोटानं सावकाश टाइप केलं : मोटार भरणारा.

मला हसू आलं. ते मी लपवलं, हे माझ्या बाजूनं नोंदवून ठेवतो.

आमचा अर्ज म्हणजे शेकडो पानांचं बाड होतं. मराठीत थोडका सारांश, बाकी इंग्रजीतले तक्ते. माझ्या हाताखालच्या अभियंत्यांनीसुद्धा तो वाचला नव्हता, मी तर माझी पानं भरून पाठवली आणि उरलेलं उघडलंही नाही. चाचांनी वाचला. नजर अधू, म्हणून मोबाइलवर अक्षर इतकं मोठं करायचं की पडद्यावर एका वेळी तीन शब्द मावत. तीन शब्द वाचायचे, बोटानं सरकवायचं, पुढचे तीन. इंग्रजी येत नव्हतं, पण गावांची नावं ओळखू येत आणि आकडे तर येतच. तीन शब्दांच्या हप्त्यानं वाचणाऱ्या माणसाच्या नजरेतून काहीही सुटत नाही, हे मला तेव्हा कळलं.

कारण मुदतीच्या आदल्या दिवशी दुपारी ते परत आले. खुर्ची देऊनही बसले नाहीत. मोबाइल माझ्यापुढं धरला. पडद्यावर आमच्या भागातल्या नव्या उपकेंद्राचं नाव होतं. झालं तर दाब सुधारेल असं हे उपकेंद्र वर्षानुवर्षं कागदावर होतं, आणि या वेळी यादीतून वगळून पुढं ढकललं होतं. शेजारी कारण : कमी दाबाच्या तक्रारी, शून्य.

"हे शून्य कुनी लिवलं, साहेब?"

खोटं बोलायला वाव होता. तक्त्यावर माझं नाव नव्हतं. पण त्या चष्म्यामागचे डोळे मोटारीचा वास घेतल्यावर उघडत तसे उघडले होते. मी म्हणालो, "मी."

मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. चाचा खाली बसले. त्या शून्याकडं पाहतच म्हणाले, "बरोबर लिवलंय तुमी. तक्रार आलीच न्हाई तर काय लिवनार? लोकांची मोटार जळली की ती तुमच्याकडं कवा येतच न्हाईत. माझ्याकडं येत्यात. मी सांजच्याला भरून देतो. चाळीस वरसं मी ह्यो धंदा केला आनि एकबी तक्रार तुमच्यापतूर येऊ दिली न्हाई." मग म्हणाले, "शून्य माझं हाय, साहेब. तुमी नुसतं लिवलं."

मी पुष्कळ हुशार माणसं पाहिली आहेत. दुसऱ्याचा दोष सिद्ध करणारे तर पैशाला पासरी. पण आपण इतकं चांगलं काम केलं की त्यामुळं गावाचं नुकसान झालं, हे स्वतःहून ओळखणारा माणूस मी त्यापूर्वी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. मला त्या क्षणी त्यांची भीतीच वाटली.

त्याच दिवशी त्यांनी हरकत दाखल केली. दीड पान, मराठीत, स्वतःच्या अक्षरात, फोटो काढून चढवलेली. 'प्रत्यक्ष म्हणणे मांडायचे आहे काय?' या प्रश्नापुढं 'होय' केलं. सुनावणीला अजून महिना-सव्वा महिना होता. आणि दुसऱ्या दिवशी दुकानाच्या दारावर काळ्या वार्निशनं पाटी आली : आधी नंबर, मग मोटार.

म्हणजे असं, की मोटार 'लाइट'नं जळाली असेल तर आधी कंपनीकडं तक्रार नोंदवायची, तिचा नंबर चाचांना दाखवायचा, तो खडूनं मोटारीवर लिहायचा, मगच पाना लागणार. ज्यांना फोन करता येत नसे त्यांना चाचा स्वतः लावून देत. पलीकडून रेकॉर्ड केलेली बाई "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" म्हणाली की चाचा दर वेळी मान डोलावत म्हणत, "व्हय बाई."

लोक चिडले. आणि का चिडू नयेत? पीक उभं, पाणी बंद, आणि हा माणूस नंबर मागतोय. सुभेदार नानांचं भांडण तर मी डोळ्यांनी पाहिलं. नाना फौजेतून निवृत्त होऊन गावी द्राक्षबाग करत. चाचांचे शाळेपासूनचे दोस्त. मोटार जीपमधून उतरवत म्हणाले, "दस्तगीर, गड्या, आजच्या आज पायजे. द्राक्षाच्या मन्यात पानी उतरायची येळ हाय."

चाचांनी वास घेतला. "लाइट. नंबर?"

"कसला नंबर रं? मला ऑर्डर देतो व्हय तू?"

"तक्रारीचा. पाटी वाच की."

"तीस वरसं मी तुझ्याकडं येतोय!"

"तेच सांगतोय नाना. तीस वरसं तू माझ्याकडं आलास. त्यांच्याकडं एकडाव तरी गेलास काय?"

नाना लालबुंद झाले. "तुझ्या तक्रारीनं माझी बाग भिजनार हाय व्हय?" म्हणाले आणि मोटार पुन्हा जीपमध्ये घालून मिरजेच्या वाटेला लागले. त्यांच्यामागून आणखी दोघं गेले. चाची मोजत होत्या, त्यांचा आकडा चुकला. पण या वेळी त्यांनी तार उलगडली नाही. रीळ मांडीवर ठेवून म्हणाल्या, "आवं, सबस्टेशन आलं तर मोटारी जळायच्या थांबतील. न्हाई आलं तर गिऱ्हाईक आधीच चाललंय मिरजेला. दोनी बाजूनं दुकान जातंय. कळतंय का तुमाला?"

"कळतंय," चाचा म्हणाले.

"कवापासनं कळतंय?"

"पाटी लिवली तवापासनं."

मग चाचींनी तार उलगडली आणि एकपासून मोजायला घेतलं. मी चोरपावलांनी बाहेर पडलो.

त्या महिन्यात दुकानात रोज दोन-तीन मोटारी यायच्या तिथं आठवड्याला दोन आल्या. पण माझ्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर, जिथं कमी दाबाच्या तक्रारींचं पान कायम कोरं असे, तिथं ओळीवर ओळ चढायला लागली. सांगलीहून वरिष्ठांचा फोन आला, "तुमच्याकडं अचानक काय बिघडलं?" मी म्हणालो, "बिघडलेलं होतंच, आता दिसायला लागलंय." हे वाक्य मी बोललो याचा मला आजही अभिमान आहे, कारण त्या प्रकरणात माझ्या खात्यावर अभिमानासारखं फार थोडं आहे.

नाना आठवड्याभरानं परत आले. मिरजेला भरलेली मोटार पाचव्या दिवशी जळाली होती. मोटार भरण्यात खोट नव्हती. चाचांनी भरली असती तरी जळालीच असती. नाना दुकानात शिरले, तळहात पुढं केला. त्यावर पेनानं तक्रारीचा नंबर. "लिव," म्हणाले. चाचांनी खडू घेतला. दोघंही एकमेकांकडं बघेनात. मोटार संध्याकाळी तयार झाली, आणि त्यानंतर नानाच पाटीखाली उभं राहून येणाऱ्याला विचारू लागले, "नंबर हाय का? न्हाई? मागं फिर."

सुनावणी व्हिडिओवर होती. सांगलीला आमच्या कार्यालयात मोठ्या पडद्यापुढं आमचे वकील, वरिष्ठ अधिकारी आणि मागच्या रांगेत मी. चाचा त्यांच्या दुकानात. मोबाइल एका रिकाम्या मोटारीच्या कवचाला टेकवून ठेवलेला. त्यांच्या आधी उद्योजकांच्या संघटना बोलल्या, मोठे सल्लागार बोलले. मग आयोगाच्या माणसानं यादीतून वाचलं, "पुढचे हरकतदार, श्री. दस्तगीर... मोटार भरणारा." आमच्या बाजूला हलकी खसखस पिकली. या वेळी मी त्यात नव्हतो.

पडद्यावर आधी टोपी दिसली, मग चष्मा. "सलाम, साहेब. ऐकू येतंय का?" आणि थेट सुरुवात. आपण कोण, काय करतो, लोक मोटार जळाल्यावर काय करतात, आणि त्यामुळं शून्य कसं तयार झालं, हे सगळं त्यांनी मला सांगितलं होतं तसंच सांगितलं. मग दोन जळालेल्या मोटारी कॅमेऱ्यापुढं आणल्या. "ह्या मोटारीच्या दोन फेज काळ्या, एक कोरी. ही सबस्टेशननं वाचनार न्हाई, ही फेज गेल्यानं जळाली. ही मी धरत न्हाई. ही दुसरी बघा. सगळी सारखी काळी. ह्यी व्होल्टेजची. मी फकस्त असल्याच मोटारी मोजल्यात." मग त्यांनी मोबाइल उचलला आणि भिंत दाखवली. एकेक झुपका, एकेक पुठ्ठा. गाव, दिवस, कारण. ती भिंत मी शंभर वेळा पाहिली होती. त्या दिवशी पहिल्यांदा वाचली.

आमचे वकील निष्णात होते. त्यांनी दोन मुद्दे काढले, आणि दोन्ही बिनतोड वाटले. पहिला, या सगळ्या तक्रारी आमचा अर्ज दाखल झाल्यानंतरच्या आहेत, म्हणजे ठरवून केलेल्या आहेत.

"व्हय साहेब," चाचा म्हणाले, "तक्रारी ठरवून केल्यात. मीच करायला लावल्या. पर मोटारी काय कुनी ठरवून जाळल्या न्हाईत."

दुसरा, या गृहस्थांचा धंदाच जळालेल्या मोटारींवर चालतो, तेव्हा त्यांचा यात हितसंबंध आहे.

मला वाटलं, आता चाचा दुखावणार. ते हसले. "हाय की. लय हाय. पर उलटा हाय. सबस्टेशन आलं तर माझं दुकान बसतंय. माझी मालकीन हितंच बसलीया, तिला इचारा." आणि मोबाइल फिरवला. चाची तार मोजत होत्या. त्यांनी वर पाहिलंही नाही.

खोलीत कुणी हसलं नाही. पडद्यावर आयोगाच्या अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि आम्हाला विचारलं, "तिथले स्थानिक अधिकारी हजर आहेत का? यांचं म्हणणं खरं आहे?"

सगळी रांग वळून माझ्याकडं बघायला लागली. मी उभा राहिलो. ऑफिसच्या बोअरची ती मोटार माझ्या डोळ्यांपुढं होती. मी म्हणालो, "सर, प्रत्यक्ष मोजणी केल्याशिवाय निश्चित सांगता येणार नाही." आणि खाली बसलो. वाक्य बिनचूक होतं. इतकं बिनचूक वाक्य बोलल्याची मला आजवर लाज वाटते.

चाचांना अजून दोन मिनिटं होती. आमच्या ऑफिसच्या मोटारीचा झुपका त्यांच्या भिंतीवरच होता, कंपनीच्या नावासकट. तो एक झुपका दाखवला असता तर वकिलांचं तोंड बंद झालं असतं आणि माझंही. त्यांनी मोबाइल त्या खिळ्याकडं नेलाच नाही. "मोजा म्हनत्यात साहेब, तर मोजा," एवढंच म्हणाले. "मोजल्यावर जे निघंल ते मला कबूल."

पुढं एकदा मी धीर करून विचारलं, तो का नाही दाखवला. तर म्हणाले, "तुमची भाकरी होती त्यात. माझी घालवायची तर माझ्या हातात हाय. तुमची कशी घालवनार?" मी चहा प्यालो आणि उठलो.

आयोगानं मोजणीचा आदेश दिला. महिनाभर आमच्या डीपींवर, म्हणजे गावागावांतल्या ट्रान्सफॉर्मरवर, दाब नोंदवणारी यंत्रं बसवायची आणि आकडे जसेच्या तसे सादर करायचे. यंत्रं मी बसवली, आकडे मी उतरवले आणि एकालाही हात न लावता पाठवले. जिथं चारशे पंधरा व्होल्ट हवेत तिथं दुपारी तीनशेच्या आसपास. पुढं सगळं शांत झालं. आमच्या ऑफिसात लोक ते प्रकरण विसरलेही. चाचा मात्र रोज दुकान उघडण्यापूर्वी आयोगाच्या वेबसाइटवर जाऊन प्रकरणाचं पान बघत. तिथं काही नवं नसे. "आज बी काय न्हाई," असं चाचींना सांगायचं आणि शटर उचलायचं. हे कितीतरी महिने चाललं. आमच्या कंपनीच्या विधी शाखेच्या आधी आदेश कुणी वाचला असेल तर त्यांनी. मी ऑफिसात नुकता पोहोचलो होतो, तेवढ्यात फोन आला. चाचा वाचत होते, तीन शब्द, थांबा, तीन शब्द, थांबा : "सदर उपकेंद्राचे काम... यादीत पुन्हा समाविष्ट... करण्यात यावे." मग फोनवर नुसता श्वास ऐकू येत राहिला. डोळे पुसायला खिशात रुमाल नव्हता.

उपकेंद्र व्हायला वेळ लागला, पण झालं. ते सुरू झालं तेव्हा माझी निवृत्ती दोन महिन्यांवर होती. मांडव होता, नारळ होता, श्रेय घेणाऱ्यांची भाषणं होती. माझ्या नजरेनं गर्दीत ती पिवळी टोपी शोधली. नव्हती. फेटा बांधून घ्यायच्या रांगेतून मी निसटलो आणि स्टँडच्या मागं गेलो.

दुपारचे साडेबारा झाले असतील. पायरीवर पोचतो तो आतून मोटारीचा आवाज. दुकानात भरायला आलेली मोटार एकही नव्हती. बाकावर चालत होती ती त्यांची स्वतःचीच, कधीतरी मोडीतून उचलून भरून ठेवलेली, बिनमालकाची. चाचा तिच्यावर तळहात ठेवून डोळे मिटून बसले होते.

"या साहेब," डोळे न उघडताच म्हणाले. "काटा बघा."

भिंतीवरच्या मीटरचा काटा चारशे दहावर होता.

"भरल्याली मोटार चालवून बघायची तर मला फाटंचं उठावं लागायचं. दुपारी लाइटंत तेवढी ताकदच नसायची. दुपारच्याला हितं मोटार कवाच अशी बोलली न्हाई. चाळीस वरसांत न्हाई."

चाची रिकाम्या रिळापाशी बसल्या होत्या. "गिऱ्हाईक न्हाई, काय न्हाई. उगंच कशाला चालवताय? बंद करा की."

"चालू दे."

मी विचारलं, "चाचा, आता दुकानाचं काय?"

त्यांनी मोटारीवरचा हात काढला नाही. दुसऱ्या हातानं मला गप्प राहायची खूण केली. चाचींचं मोजणं चालू असताना करत, तीच. "आधी ऐका तर खरं, साहेब," ते म्हणाले.

मी स्टूल ओढून घेतलं. आम्ही तिघं ती मोटार ऐकत बसलो, आणि बराच वेळ दुकानात कुणी आलं नाही.